वाहून जाणाऱ्या मातीबद्दल शेतकऱ्यांशी बोलायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बालाघाटच्या डोंगररांगेतल्या काही गावांत पाणलोटाचं काम नव्यानं सुरू झालंय. जमिनीच्या धुपेवर मी सभा घेते, पोस्टर लावते, चित्रफीत दाखवते. लोक शांतपणे ऐकतात, चहा घेतात आणि पेरणीला ट्रॅक्टर पुन्हा उताराच्याच दिशेनं चालतो. लोकांना पटेल असं कसं सांगायचं?"

ताई, माती वाहते हे शेतकऱ्याला माहीत नाही असं धरून बोलायला लागलं की बोलणं तिथंच संपतं. पहिल्या मोठ्या पावसाला ओढ्याचं पाणी कोणत्या रंगाचं येतं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं. आपल्या स्वतःच्या रानातून किती माती गेली आणि त्यामुळे पिकाचं नेमकं काय बिघडलं, हे मात्र त्याला कुणी मोजून दाखवलेलं नसतं. मोजलं नाही तोवर सगळं नुकसान पावसाच्या खात्यावर जातं. म्हणून सगळं बोलणं मोजण्याभोवती उभं करा: त्याच्याच रानात, त्याच्याच मापात आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर तीन दिवसांच्या आत. चौथ्या दिवशी तण काढायला कोळपं फिरतं आणि पुरावा पुसला जातो.

आधी माप. "हेक्टरी टन" अहवालापुरतं ठेवा. गावात मुरूम, वाळू, गाळ सगळं ब्रासमध्ये मोजतात, ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रास धरतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर जाडीची माती गेली तर ती सुमारे चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास होते. वजनात पाच टनांच्या वर. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, दीड ब्रास दिसते. देशाची सरासरी धूप हेक्टरी १६.४ टन असा एक जुना, १९८३ सालचा अंदाज आहे आणि तो अजूनही सगळीकडे दिला जातो. एकराला तो साडेसहा टनांच्या पुढे, म्हणजे पावणेदोन ब्रासच्या आसपास येतो. पण ही सरासरी सभेत सांगून थांबू नका. सरासरी कुणाच्याच रानाची नसते, आणि "आमच्याकडं एवढं जात नाही" हे उत्तर तयारच असतं. त्यापेक्षा त्याच्या रानातल्या ओघळी, म्हणजे वाहत्या पाण्यानं कोरलेल्या लहान नाळ्या, मोजा.

ओघळी मोजायला एक टेप आणि दोन माणसं पुरतात. ओघळीची रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मध्ये, खाली. खोलीही तशीच. सरासरी काढून रुंदी, खोली आणि लांबी यांचा गुणाकार करा आणि निम्मा करा, कारण ओघळ तळाला निमुळती असते. आठ इंच रुंद, तीन इंच खोल, शंभर फूट लांब अशी एक ओघळ सव्वाआठ घनफुटांची होते. अशा बारा ओघळी म्हणजे एक ब्रास. हा हिशोब कागदावर त्याच्याच मुलाकडून किंवा मुलीकडून करून घ्या. आकडा घरात तयार झाला की त्यावर वाद होत नाही. इथं लोक एक चूक हमखास करतात. तळाशी बांधाजवळची सगळ्यात मोठी ओघळ मोजायची आणि त्यावरून सबंध एकराचा आकडा काढायचा. तसं करू नका. रानात आडवी दोरी धरून चाला, दोरीखाली जितक्या ओघळी येतील तितक्या सगळ्या मोजा, लहानसहानही. आणि ओघळींचा आकडा म्हणजे सगळी धूप नव्हे हेही स्पष्ट सांगा. दोन ओघळींच्या मधल्या जागेवरून पातळ थरात जी माती सरकते, ती या मापात येत नाही. खरा आकडा मोजल्यापेक्षा जास्तच असतो.

आता तोट्याचा हिशोब. बहुतेक पोस्टरवर "मातीबरोबर इतक्या रुपयांचं खत वाहून जातं" असं असतं. हा मुद्दा दिसायला सोपा आहे, पण आपल्यावरच उलटतो. काळ्या जमिनीत एकूण नत्र साधारण ०.०५ टक्के धरलं, तर साडेसहा टन मातीत सव्वातीन किलो नत्र येतं. ते युरियात सात किलो, म्हणजे ४५ किलोच्या गोणीचा सहावा भाग. सवलतीच्या दरानं पन्नास रुपयेही होत नाहीत. हिशोबी शेतकरी हे जागेवर बसून काढतो आणि म्हणतो, पन्नास रुपयांसाठी बांध घालू का? त्याचं बरोबर असतं. मातीची किंमत खतात नाही, ती खोलीत आहे.

खोलीचा हिशोब पावसाच्या खंडात मांडा, कारण खंड प्रत्येकाला कळतो. मध्यम काळी जमीन दर सेंटिमीटर खोलीला पिकाच्या कामी येईल असं साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी धरते. एक फूट खोल माती असेल तर ४५ ते ६० मिलिमीटर. शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला चार ते पाच मिलिमीटर पाणी ओढतं. म्हणजे त्या रानातलं पीक पाऊस थांबल्यावर दहा-बारा दिवस तग धरतं. वरची दोन इंच माती गेली की त्यातले जवळजवळ दोन दिवस गेले. वरच्या रानातलं सोयाबीन आधी सुकतं आणि खालच्या काळीतलं दोन दिवस उशिरा, हे त्यानं पाहिलेलं असतं, त्यामागचा हिशोब फक्त आपण जोडून द्यायचा. माझ्या मते या सगळ्या विषयात पटवण्याचं सगळ्यात मोठं साधन हेच आहे. आजोबांच्या वेळी वरच्या पट्टीत काय पेरत होते आणि आता काय पेरतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ज्वारीच्या जागी मटकी-हुलगा आला असेल, किंवा नांगराच्या फाळाला मुरूम लागायला लागला असेल, तर तो साक्षीदार तुमच्या कुठल्याही चित्रफितीपेक्षा मोठा आहे.

हरवलेली माती परत आणायचा खर्चही सांगता येतो. एका एकरावर एक इंच थर द्यायला ३६ ब्रास माती लागते. गावात गाळाची ट्रॉली काय दरानं पडते ते त्यांनाच विचारा आणि गुणाकार त्यांनाच करू द्या. तलावातला गाळ रानात नेण्याचं काम राज्यात २०१७ पासून योजनेतून होतंय, त्यामुळे हा दर सगळ्यांना पाठ असतो. "माती गेली तर गाळ आणू" असं म्हणणाऱ्यालाही हेच उत्तर. गाळ हलक्या जमिनीला चांगलाच आहे, पण ज्या रानाला बांध नाही, जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा नाही, तिथं टाकलेला गाळ दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा त्याच तलावाकडे निघतो.

मे महिन्यात सभा घ्यायचीच असेल तर ती कोरड्या तलावात घ्या. जेसीबीनं गाळ उकरलेल्या जागी उभा काप दिसतो. त्यात एकावर एक थर असतात, भरड रेतीचा, मग बारीक चिकणमातीचा, मग पुन्हा भरड. जोराच्या पुराबरोबर भरड येते, पाणी निवळताना बारीक बसते. हा तलाव किती साली झाला ते लोकांना माहीत असतं. अनेक पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या कामांतले आहेत. गाळाची खोली टेपनं मोजा, त्याला वर्षांनी भागा आणि मग वर पाहून विचारा, हे कुणाकुणाच्या रानातून आलं? नावं घेऊ नका. लोक स्वतःच घेतात.

बाटलीचा प्रयोग तुम्ही करत असालच, पण तो नीट करा. पावसात रानातून बाहेर पडणारं पाणी एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत घ्यायचं. एक बाटली प्रवाह सुरू झाल्यावर, एक भर जोरात असताना, एक ओसरताना. तिन्ही एकाच जागी, आणि बाटलीवर वेळ व गट नंबर लिहून. बाटली तळाला टेकवली की तळाशी घरंगळणारी रेती आत येते आणि आकडा फुगतो. प्रवाहाच्या मधोमध धरा. काळ्या मातीतले बारीक कण दोन दिवसांतही खाली बसत नाहीत, पाणी गढूळच राहतं. चिमूटभर तुरटी फिरवली की काही तासांत निवळतं. वरचं पाणी हळूच ओतून टाका, खालचा गाळ ताटलीत उन्हात पूर्ण वाळवा, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. समजा लिटरमागे आठ ग्रॅम भरले. बारा हजार लिटरच्या टँकरमध्ये ते ९६ किलो होतात, म्हणजे जवळजवळ दोन पोती माती. आणि एका एकरावरून तीन मिलिमीटर पाणी वाहिलं की तेवढा एक टँकर भरतो. बीड-धाराशिवकडच्या माणसाला टँकरची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पाणी गेलं आणि माती गेली या दोन गोष्टी इथं एकाच वाक्यात येतात, हा या प्रयोगाचा मोठा फायदा. मात्र त्या पावसात एकूण किती मिलिमीटर वाहिलं ते मोजलेलं नसेल, तर एकरी किलोंचा आकडा जाहीर करू नका. "एका टँकरमागे दोन पोती" एवढंच म्हणा, ते खरं असतं.

लोखंडी सळ्या ठोकून मातीची पातळी मोजण्याची पद्धत पुस्तकात चांगली दिसते. भारी काळ्या जमिनीत ती वापरू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, सळईही वरखाली होते. शिवाय कोळपणीत सळई अडते, वाकते. हलक्या-मध्यम जमिनीत, पेरणी ते काढणी एवढ्याच काळासाठी, पिकाच्या ओळीत ठोकलेली सळई चालते. सळईच्या बुडाशी पाणी घुमून खड्डा पडतो, त्यामुळे माप सळईला चिकटून न घेता चार बोटं बाजूला घ्या. नांगरटीच्या रानात यापेक्षा साध्या खुणा जास्त बोलतात. बांधाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या मातीच्या पातळीतला फरक मोजा. बांधावरच्या बाभळीच्या, कडुलिंबाच्या उघड्या पडलेल्या मुळ्या पाहा, किती बोटं उघडी आहेत तेवढी माती तिथून गेली. पाऊस झाल्यावर लहान खड्यांखाली मातीचे इवलेसे खांब उभे राहतात, भोवतालची माती गेलेली असते आणि खड्याखालची वाचलेली असते. वाकून बघायला लावा. एकदा दिसले की मग माणूस दर पावसानंतर ते शोधतो.

थेंबाचा मारा समजावून देणं सगळ्यात अवघड, कारण लोकांच्या मते माती वाहतं पाणी नेतं. खरं तर आधी थेंब ढेकूळ फोडतो, सुटे कण उडवतो, जमिनीची छिद्रं बुजवतो आणि मग पाणी मुरायचं थांबून वाहायला लागतं. हे दाखवायला पुठ्ठ्याच्या दोन पांढऱ्या पाट्या पुरतात. प्लॅस्टिकनं गुंडाळा, काठीला उभी बांधा. एक उघड्या मातीशेजारी, दुसरी सोयाबीनचा भुसा किंवा पाचट पसरलेल्या जागेशेजारी. दोन्ही जागा एकाच रानातल्या, तीन-चार हात अंतरावर. आच्छादन वर्गमीटरला अर्धा किलो तरी हवं, नाहीतर फरक दिसत नाही. पाऊस झाल्यावर पहिल्या पाटीवर मातीचे शिंतोडे दीड-दोन फुटांपर्यंत जातात. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये गवत लावून झारीनं पाणी घालण्याचा प्रयोग शाळेत चांगला. शेतकऱ्यांपुढे करायचा तर दोन्ही ट्रेमध्ये एकाच रानाची माती हवी, तोच उतार, तेवढंच पाणी, तेवढ्याच उंचीवरून. चाळलेली कोरडी माती एका बाजूला आणि जुन्या गवताचा गड्डा दुसऱ्या बाजूला ठेवला, तर समोरचा माणूस बोलत नाही, पण फसवणूक त्याच्या लक्षात आलेली असते.

"आमचं रान सपाट आहे" हे वाक्य ऐकू येईलच. पाण्याच्या नळीनं उतार मोजून दाखवा. पंधरा-वीस मीटरची पारदर्शक नळी, दोन खुणा केलेल्या काठ्या. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर सगळं माप खोटं. दहा मीटर अंतरावर पाण्याच्या पातळीत वीस सेंटिमीटर फरक आला की उतार दोन टक्के. तीनशे फूट लांब रानात वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सहा फूट उतार झाला, उभ्या माणसापेक्षा जास्त. सपाट रान एवढं उतरतं हे मोजूनच पटतं.

आता ज्या ठिकाणी बहुतेक कामं अडतात त्याकडे येते. माती वाहण्याचा प्रश्न कुणा एकाच्या रानाचा नसतो आणि गावाचाही नसतो. तो पाण्याच्या एका वाटेवरच्या, म्हणजे एका ओघळीवरच्या सहा-आठ घरांचा असतो. वरच्याचं पाणी खालच्याच्या रानात फुटतं, खालचा रागानं बांध फोडतो, पुढच्या वर्षी दोघंही नांगरताना बांध थोडा थोडा कोरतात आणि शेवटी वीतभर रुंदीचा बांध उरतो, जो पहिल्याच मोठ्या पावसात जातो. गावसभेत हा विषय काढला की जुनं भांडण वर येतं. म्हणून गावाची सभा नको, ओघळीची बैठक घ्या. गटनकाशावर पाण्याची वाट पेन्सिलीनं काढा, त्या वाटेवरच्या सगळ्या खातेदारांना बोलवा, वाटेकऱ्यानं किंवा ठोक्यानं रान कसणाऱ्यालाही बोलवा, कारण नांगर त्याच्या हातात असतो आणि बांधाचा निर्णय मालकाच्या. एकटा आला तर काम होत नाही. मग वरून खाली चालत या. चालताना पाणी कुठून शिरतं, कुठून निघतं एवढंच बोला. कुणाची हद्द किती, हे तुम्ही ठरवू नका, त्यात पडलात की पुढची दोन वर्षं तुमचं ऐकणारे निम्मे होतात.

पहिला प्रश्न बांधाचा नको, सांडव्याचा हवा. जादा पाणी कुठून जाऊ द्यायचं हे वरच्या-खालच्यांनी आधी मान्य केलं, तर बांध टिकतो. सांडवा दगड रचून पक्का केलेला, बांधाच्या माथ्यापेक्षा खाली आणि शक्यतो कठीण जमिनीवर. सांडवा न ठेवता बांध घातला की पाणी स्वतः जागा निवडतं आणि ती जागा नेहमीच सगळ्यात वाईट असते.

बांधाला विरोध झाला तर तो अडाणीपणातून होतोय असं मनातही आणू नका. पूर्वी भारी काळ्या जमिनीतही समतल बांध, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे बांध, घातले गेले. तिथं पाणी साचून पीक पिवळं पडलं, उन्हाळ्यात बांधाला भेगा गेल्या आणि पावसात ते फुटले. लोकांनी ते काढून टाकले ते अनुभवानं. तेव्हा सरळ सांगा की तुमचं म्हणणं बरोबर आहे: समतल बांध कमी पावसाच्या भागातल्या, पाणी मुरणाऱ्या हलक्या-मध्यम जमिनीला, भारी काळीला ढाळीचे बांध, शंभर मीटरला वीस ते चाळीस सेंटिमीटर उतार देऊन, पाणी गवताच्या वाटेनं बाहेर काढणारे. एवढं मान्य केलं की पुढचं ऐकायची तयारी होते.

"उताराला आडवी पेरणी करा" हा सल्ला देण्याआधी रानाची रुंदी बघा. वाटण्या होताना प्रत्येक भावाला वरची हलकी आणि खालची चांगली जमीन मिळावी म्हणून पट्ट्या उताराच्या दिशेनंच पडलेल्या असतात. चाळीस-पन्नास फूट रुंदीच्या पट्टीत ट्रॅक्टर आडवा चालवला तर निम्मा वेळ वळण्यात जातो, आणि ट्रॅक्टरवाला एकरावर पैसे घेत असला तर तो तयार होत नाही. म्हणून गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांची वेगळी बैठक घ्या. कुणीच घेत नाही, आणि पेरणीची दिशा खरं तर तेच ठरवतात. आडव्या पेरणीला थोडा जास्त दर ओघळीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवला, किंवा शेजारच्या दोन भावांनी पट्ट्या एकत्र धरून पेरलं, तर मार्ग निघतो. नाहीच जमलं तर पट्टीत दर वीस-पंचवीस मीटरवर उताराला आडवी वाळ्याची किंवा मारवेल गवताची ओळ लावायला सांगा. वाळ्याचे ठोंब एकमेकांपासून चार ते सहा इंचांवर, एकाच ओळीत, पावसाच्या सुरुवातीला. फूटभर अंतर ठेवलं की पाणी मधून निघतं आणि ओळीचा काही उपयोग राहत नाही. पहिल्या वर्षी मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावावे लागतात, हेही आधीच सांगून ठेवा.

रुंद वरंबा-सरीबद्दल (रुंद वरंब्यावर पीक, बाजूच्या सरीतून जादा पाणी बाहेर) बोलताना हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेतले आकडे उपयोगी पडतात, कारण तिथली काळी जमीन आणि पाऊसमान मराठवाड्याच्या जवळचं आहे. पावसाळ्यात रान मोकळं ठेवून नंतर रब्बी घेण्याच्या जुन्या पद्धतीत हेक्टरी सहा टनांच्या वर माती गेली, रुंद वरंबा-सरीवर पावसाळ्यातच पीक घेतल्यावर सुमारे दीड टन. हा प्रयोग १९७६ पासून बरीच वर्षं चाललेला आहे. एका वर्षाच्या प्रात्यक्षिकापेक्षा त्याला वजन आहे.

पावसाच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी, हा आकडा पंचनाम्यांमुळे सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. त्यामुळे ६५ च्या खालचा पाऊस निरुपद्रवी, अशी समजूत होते. धुपेला दिवसाचा पाऊस तितका महत्त्वाचा नसतो, जोर महत्त्वाचा. अर्ध्या तासात पडलेला २५ मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिम पडलेल्या ६५ पेक्षा जास्त माती नेऊ शकतो. पंचनाम्यात "खरडून गेलेली जमीन" नोंदवली जाते ती एका रात्रीत उद्ध्वस्त झालेली. दरवर्षी मिलिमीटर-दीड मिलिमीटरनं जाणारी कुठल्याच कागदावर येत नाही. हा फरक लोकांना सांगा, तो त्यांना लगेच समजतो, कारण भरपाईचा कागद त्यांनी पाहिलेला असतो.

कधी बोलायचं याचं साधं गणित आहे: जमीन उघडी असते तेव्हा माती जाते. सोयाबीनच्या ओळी मिटायला पस्तीस-चाळीस दिवस लागतात, तोवर जून-जुलैचा पाऊस उघड्या मातीवर पडतो. रब्बी ज्वारीसाठी राखलेल्या रानात तर सप्टेंबरचा मोठा पाऊस पूर्ण उघड्या, मोकळ्या मातीवर येतो. म्हणून प्रत्येक भेटीत एकच काम मागा, आणि ते येत्या पंधरा दिवसांत होण्यासारखं असू द्या. मेमध्ये फक्त सांडवा आणि बांधाची फुटलेली जागा. पेरणीच्या तोंडावर फक्त दिशा. पेरणीनंतर महिनाभरानं डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून दोन ओळींत सऱ्या पाडणं, याला वेगळा खर्च नाही, डवरणी होतेच. रब्बीच्या रानात जुलैत वापसा आल्यावर, म्हणजे ओल कमी होऊन रान कसण्याजोगं झाल्यावर, सहा ते दहा मीटरचे, चारी बाजूंनी मातीचे लहान बांध असलेले बंदिस्त वाफे. बारा उपायांची यादी एकाच सभेत वाचून दाखवली की त्यातला एकही होत नाही.

खुरपणाऱ्या बायकांशी वेगळं बोला, शक्य असेल तर रानातच. कुठल्या पट्टीत खडे वाढले, खुरपं कुठं खणकतं, कुठल्या ओळीतलं बी उघडं पडलं, हे त्यांना नेमकं माहीत असतं, आणि सभेत त्या बोलत नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून रानाचा नकाशा काढा आणि तोच ओघळीच्या बैठकीत पुढं ठेवा, पण आधी त्यांना विचारून.

फोटो घ्यायचा तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तिरक्या उन्हात ओघळी उठून दिसतात, दुपारी रान सपाट वाटतं. मापासाठी खुरपं किंवा पट्टी बाजूला ठेवा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकाच खुणेवर उभं राहून एकाच दिशेनं घ्या, नाहीतर तुलना होत नाही. दुसऱ्याच्या रानाचा फोटो "बघा किती वाईट" म्हणून व्हॉट्सॲपच्या गावगटावर टाकू नका. तो माणूस कायमचा तुटतो, आणि त्याचे चुलतेही. मालकानं स्वतः टाकला तर उत्तम. संदेश लहान आणि कामाचा असावा, असा: "काल संध्याकाळी आपल्याकडं जोराचा पाऊस झाला. आज-उद्यात बांधावरून एक फेरी मारा. जिथून पाणी फुटलंय तिथं दगड-माती भरा, भोक लहान असताना दोन पाट्या लागतात. ओघळ पडली असेल तर कोळपण्याआधी कळवा, मोजायला येते."

"एक इंच माती तयार व्हायला पाचशे वर्षं लागतात" ही घोषणा मी टाळते. खडक, हवामान, उतार यांप्रमाणे तो आकडा फार बदलतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातून आपल्या हातात काही नाही एवढंच कळतं. भेगाळलेल्या वाळवंटांची चित्रंही नकोत, ते आपलं रान नाही हे लोकांना दिसतं. "तुमच्यामुळे माती चालली" असा सूर तर चुकूनही नको. वाटणीनं पट्ट्या उभ्या पडल्या, बैल गेले, मजुरी वाढली, रान ठोक्यानं गेलं, यातलं काहीच एकट्या शेतकऱ्याच्या हातात नव्हतं.

बोलण्याचा उपयोग झाला का, हे हजेरीपटावरून कळत नाही. पहिल्या मोठ्या पावसाआधी ओघळीवरचे किती सांडवे दुरुस्त झाले ते मोजा. किती ट्रॅक्टर आडवे चालले ते पेरणीच्या आठवड्यात बघा. आणि पाऊस झाल्यावर "या, आमचं रान बघा" असे किती फोन आले ते लिहून ठेवा. हा तिसरा आकडा पहिल्या वर्षी अगदी थोडा असतो, त्यानं खचू नका.

शेवटचं, मोठ्या घळीबद्दल. माणूस उभा बुडेल एवढी खोल घळ दाखवून लोक म्हणतील, आधी हे बुजवा, मग बाकीचं बोलू. तिथं शब्द देऊ नका. घळ वरच्या तोंडाकडून वाढत जाते, म्हणून काम माथ्यापासून खाली येतं: आधी वरच्या रानांचं पाणी अडवणं-वळवणं, मग वरच्या लहान ओघळींत अनगड (न घडवलेल्या) दगडांचे बांध, खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाशी एका पातळीत येईल एवढ्या अंतरानं. मोठ्या घळीचं पात्र, सांडव्याची रुंदी, पाया हे अभियंत्यानं मोजूनच ठरवायचं असतं. लोकांना एवढं सांगा की त्याला मोजणीसाठी अमुक तारखेला घेऊन येते, आणि त्या तारखेला त्याला घेऊन जा.